शिट्टी वाजण्याआधी

३ मे २०१४. टॉर्की.

तुम्ही समुद्रकाठच्या गावातल्या एका छोट्या मैदानात, पाहुण्या संघाच्या लोकांमध्ये उभे आहात. प्लेनमूर म्हणतात या मैदानाला. कठड्याला पोट टेकलं की हिरवळ हाताच्या अंतरावर येते. थ्रो-इन घ्यायला आलेला खेळाडू चेंडू जर्सीला पुसतो, तेव्हा त्याची धाप ऐकू येते. तुमच्या डावीकडे एक आजोबा आहेत. गळ्यात फिकट आणि गडद निळ्या रंगाचा मफलर, कानाला रेडिओ. उजवीकडची मुलगी मोबाइलवरून नजर काढत नाही. सामना डोळ्यांसमोर चाललाय आणि निम्म्या लोकांचं लक्ष तिथे नाही. त्यांचा जीव दूर ब्रिस्टलमध्ये टांगणीला लागलाय.

गणित सोपं आणि निर्दय आहे. इंग्लंडच्या लीग फुटबॉलची शिडी चार पायऱ्यांची: वर प्रीमियर लीग, मग चॅम्पियनशिप, मग लीग वन, सगळ्यात खाली लीग टू. मिळून ९२ क्लब. लीग टूमधले शेवटचे दोन क्लब हंगाम संपला की लीगच्या बाहेर पडतात. टॉर्कीचा निकाल आधीच लागलाय. राहिलेल्या एका खड्ड्याच्या तोंडाशी आज विकम वाँडरर्स उभे आहेत. त्यांना जिंकावं तर लागेलच, पण तेवढ्यानं भागणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी हरावंही लागेल. ब्रिस्टल रोव्हर्सना घरच्या मैदानावर नुसती बरोबरी पुरे आहे.

रेषेजवळ विकमचा मॅनेजर उभा आहे. गॅरेथ एन्सवर्थ. आठवड्याभरानं तो ४१ वर्षांचा होईल. मॅनेजर म्हणून ही त्याची पहिलीच कायमची नोकरी. १८८७ साली सुरू झालेला क्लब आज संध्याकाळी त्याच्या हातून लीगबाहेर जाऊ शकतो.

तुम्हाला शेवट माहीत आहे. विकम ३–० जिंकणार. मॅन्सफिल्ड ब्रिस्टलला जाऊन रोव्हर्सना १–० हरवणार. दोन्ही क्लबांचे गुण ५०–५० होणार आणि गोलफरकावर विकम वाचणार. आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून हे सगळं सांगावंसं वाटेल. सांगू नका. निकाल कुठल्याही तक्त्यात सापडतो. पुढचं काहीच ठाऊक नसताना एखादा माणूस हातातलं काम कसं धरून ठेवतो, ते बघायला तुम्ही इथे आला आहात. त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

१९९३. प्रेस्टन.

पायाखाली गवत नाही, प्लास्टिक आहे. डीपडेलवर तेव्हा कृत्रिम हिरवळ अंथरलेली असे. तिच्यावर पडलं की गुडघ्याचं कातडं सोलून निघायचं. उजव्या बाजूनं एक वीस वर्षांचा पोरगा सुटलाय. हा ब्लॅकबर्नचा. गावच्या मोठ्या क्लबानं उमेदवारीच्या वयातच त्याला घरी पाठवलं. मग तो नॉर्थविच व्हिक्टोरिया या लीगबाहेरच्या क्लबाकडून खेळला आणि तिथून वर आला.

इथला मॅनेजर जॉन बेक. याच्या गोष्टी इंग्लंडमध्ये अजून सांगतात. केंब्रिजला असताना सामन्याआधी खेळाडूंवर थंडगार पाण्याच्या बादल्या ओतायचा. मैदानाच्या कोपऱ्यांतलं गवत मुद्दाम वाढू द्यायचा, म्हणजे मागून लांब मारलेला चेंडू रेषेबाहेर न जाता तिथेच अडकेल. अशा खेळाला एकच माणूस लागतो: त्या कोपऱ्यापर्यंत दर वेळी, न कंटाळता, सगळ्यांच्या आधी पोचणारा. बेकला तो या पोरात सापडला. पुढे लिंकनला गेल्यावरही बेकनं यालाच बोलावून घेतलं. लोकांनी नाकं मुरडली असा हा गुरू, पण एन्सवर्थ आजही त्याचं ऋण उघडपणे मानतो. हाताशी असलेल्या माणसांतून खेळ उभा करायचा, नसलेल्यांसाठी रडत बसायचं नाही, हा पहिला धडा त्याला इथे मिळाला.

मे १९९४ मध्ये थोडं थांबा. वेम्बली, सगळ्यात खालच्या पायरीवरचा प्लेऑफचा, म्हणजे बढती ठरवणारा, अंतिम सामना. एन्सवर्थ ज्या क्लबाचा खेळाडू आहे तो प्रेस्टन ४–२ असा हरतो. वर जाणारा संघ नाचतोय. त्याच्या जर्सीवर फिकट आणि गडद निळ्या रंगाचे चौकोन आहेत. विकम वाँडरर्स. आजोबांच्या मफलरचे रंग तुम्ही ओळखलेत.

आता वर्षं भराभर जाऊ द्या. १९९५, लिंकन सिटी, किंमत २५ हजार पौंड. १९९७, पोर्ट व्हेल, ५ लाख पौंड. १९९८, विम्बल्डन, २० लाख पौंड. तीन वर्षांत पोरगा शिडीच्या तळातून थेट प्रीमियर लीगमध्ये. पोर्ट व्हेलनं एवढ्या पैशाला खेळाडू कधी विकला नव्हता.

आणि इथेच त्याचं शरीर रुसतं. दुखापतीमागून दुखापत. विम्बल्डनच्या पाच हंगामांत चाळीस लीग सामनेही त्याच्या वाट्याला येत नाहीत. ज्याचं सगळं भांडवल पायात, त्याला मसाजच्या टेबलावर पडून खिडकीबाहेरचा सराव ऐकावा लागतो. पुढे कार्डिफ, मग क्वीन्स पार्क रेंजर्स. तिथे सहा-सात वर्षं तो लोकांच्या गळ्यातला ताईत होतो. २००८ आणि २००९ मध्ये मॅनेजर गेला की क्लब याच्याकडे बघतो: बाबा, पुढचा माणूस मिळेपर्यंत सांभाळ. दोन्ही वेळा तो सांभाळतो आणि बाजूला होतो.

सप्टेंबर २०१२. हाय विकम.

लंडनच्या वायव्येला, चिल्टर्न टेकड्यांच्या कुशीतलं हे गाव. अॅडम्स पार्क मैदानाकडे जाणारा रस्ता एका औद्योगिक वसाहतीतून जातो. दोन्ही बाजूंना गोदामं आणि वर्कशॉप. रस्ता मैदानाशी संपतो, पलीकडे वाट नाही. मैदानामागे टेकडी आणि टेकडीवर झाडी. आत जेमतेम दहा हजार माणसं मावतात.

क्लबाची अवस्था बघा. वसंतातच लीग वनमधून घसरून लीग टूमध्ये आलेला. मालकी आता समर्थकांच्या ट्रस्टकडे, म्हणजे तिकीट काढून सामने बघणाऱ्या माणसांकडेच. पैशाची ओढाताण एवढी की मुलांना घडवणारी अकादमी बंद करावी लागली. नवा खेळाडू विकत घ्यायला पैसा नाही, घरचा घडवायला शाळा नाही. मॅनेजरला काढलंय आणि ३९ वर्षांच्या, विकमकडून अजून स्वतः मैदानात उतरणाऱ्या एन्सवर्थला सांगितलंय की तात्पुरतं बघ. नोव्हेंबरमध्ये ते तात्पुरतं कायमचं होतं.

या क्लबाला लोक ‘चेअरबॉइज’ म्हणतात, खुर्चीवाले. का, ते बघायला तुम्हाला आणखी मागे नेतो. भीती नको, लगेच परत येऊ.

१८७० च्या दशकातली एक सकाळ, याच टेकड्यांवरचं बीच नावाच्या झाडांचं रान. ओल्या भुशाचा वास. एका पालाखाली एक कातारी बसलाय. इथे त्याला ‘बॉजर’ म्हणतात. पायानं पट्टी दाबतो, डोक्यावरचा लवचिक दांडा दोरी परत ओढून घेतो आणि मधलं लाकूड गरगर फिरतं. हातातलं धारदार पातं टेकलं की लांबच लांब ओली साल सुटते. थोड्या वेळात खुर्चीचा एक पाय तयार. तो ढिगावर ठेवतो, वाळायला. खुर्ची तो कधीच बनवत नाही, फक्त पाय. ते पाय गाडीत भरून खाली विकमच्या कारखान्यात जातात. तिथे दुसऱ्यानं एल्मच्या फळीत वाकसानं खोलगट बैठक कोरलेली असते. तिसरा पाठ वाकवतो. चौथा सगळं जोडतो.

जोडणाऱ्याचं काम नीट बघा. बैठकीच्या लाकडात अजून थोडी ओल आहे, पाय मात्र पुरता वाळलेला. भोकात तो पाय ठोकून बसवतो. खिळा नाही. पुढच्या काही महिन्यांत बैठक सुकते, आकसते आणि पायाला घट्ट धरते. या गावानं दिवसाला हजारो अशा खुर्च्या बनवल्या. वेगवेगळ्या रानातून आलेले, वेगवेगळ्या हातांनी कापलेले तुकडे एकमेकांना धरून उभे राहतील अशी जोडणी, हेच या गावचं कसब.

परत २०१४ च्या उन्हाळ्यात या. टॉर्कीहून जीव वाचवून आलेला एन्सवर्थ संघ नव्यानं जोडतोय. त्याच्याकडे येणारे बहुतेक खेळाडू कुणीतरी सोडून दिलेले. खेळाच्या आधी तो माणूस बघतो: हा बाकावर बसला तर तोंड वाकडं करील का, दुसऱ्याच्या गोलवर धावत जाईल का. श्रूजबरीहून जो जेकबसन येतो, डाव्या पायाचा डावा बचावपटू. कॉर्नरवरून थेट जाळ्यात चेंडू वळवणारा. मधल्या फळीत मॅट ब्लूमफिल्ड आहे, तो २००३ पासून इथेच. शेजारी सहायक म्हणून रिचर्ड डॉबसन. ओल्या बैठकीत वाळलेले पाय एकेक करून बसू लागतात.

मे २०१५. वर्षभरापूर्वी बुडणारा हाच क्लब चौथा आलाय, ८४ गुण. थेट वर जायला एक गुण कमी पडला. म्हणून तुम्ही वेम्बलीवर आहात, साउथएंडविरुद्धच्या प्लेऑफ अंतिम सामन्याला. जादा वेळ संपत आलाय, विकम १–० पुढे. आजोबा इथेही आहेत असं समजा. १२० मिनिटं होऊन गेली आहेत. तुम्ही डोळे मिटता, कारण तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. साउथएंड बरोबरी साधतो आणि पेनल्टींवर ७–६ जिंकतो. हातातोंडाशी आलेला घास गेला. रेषेजवळचा माणूस एकेका खेळाडूजवळ जातो. तेवढं बघा आणि पुढे चला.

जानेवारी २०१६, प्लिमथ. पहिल्याच सत्रात विकमचा गोलरक्षक जखमी होतो. बाकावर दुसरा तरणा गोलरक्षक नाही, तेवढी ऐपतच नाही. मग गोलरक्षकांना शिकवणारा कोच बॅरी रिचर्डसन हातमोजे चढवतो. वय ४६. लिंकनच्या दिवसांत तो एन्सवर्थबरोबर खेळलेला. तुम्ही त्याच्या गोलमागे उभे राहा. पहिला उंच चेंडू येतो तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. तो चेंडू छातीशी घट्ट धरतो आणि क्षणभर तसाच उभा राहतो. शेवटच्या शिट्टीपर्यंत एकही गोल होत नाही. विकम १–० जिंकतो.

२८ जानेवारी २०१७, लंडन. व्हाइट हार्ट लेन, एफए कप, समोर प्रीमियर लीगमधला टॉटनहॅम. मध्यंतराला लीग टूचा विकम २–० पुढे आहे. पॉल हेजचे दोन गोल. टॉटनहॅम बरोबरी साधतो. ८३ व्या मिनिटाला गॅरी थॉम्पसन पुन्हा विकमला ३–२ पुढे नेतो. तुमच्या भोवतीची माणसं एकमेकांना मिठ्या मारताहेत, अनोळखी माणसं. ८९ व्या मिनिटाला ३–३. आणि ९७ व्या मिनिटाला सॉन ह्युंग-मिन. ४–३. तुम्हाला हे सगळं माहीत होतं, तरी ९६ व्या मिनिटाला तुम्हीही श्वास रोखून धरला होता. या वेळी कदाचित वेगळं होईल, असं वाटून गेलं ना? हा माणूस रोज त्या वाटण्यात राहतो.

एप्रिल २०१८. चेस्टरफिल्डला २–१ जिंकून विकम लीग वनमध्ये. संघात आता अॅडेबायो अकिनफेन्वा आहे. शंभर किलोंच्या आसपासचा आडदांड स्ट्रायकर. २०१६ मध्ये दुसऱ्या क्लबाला वेम्बलीवर बढती मिळवून दिल्यावर टीव्हीवर हसत म्हणाला होता की मी आता बेकार आहे, मॅनेजर मंडळींनी व्हॉट्सअॅप करावं. एन्सवर्थनं त्याला विकमला आणला आणि संघाचा मुख्य खांब केला.

१३ जुलै २०२०. वेम्बली.

इथे तुम्हाला जास्त वेळ थांबायचंय. ९० हजार खुर्च्या आणि त्यांत कुणी नाही. कोरोनाचा उन्हाळा. मार्चमध्ये लीग थांबली तेव्हा विकम आठवा होता. मग प्रत्येक सामन्यामागे सरासरी किती गुण, यावर तक्ता लावला गेला आणि विकम तिसरा झाला. उपांत्य फेरीत फ्लीटवूडला हरवून तो इथे आलाय. समोर ऑक्सफर्ड. जिंकेल तो चॅम्पियनशिपमध्ये जाईल. विकम १३३ वर्षांत तिथे कधीच पोचलेला नाही.

तुम्ही एकटेच प्रेक्षक आहात. वरच्या सज्जात, लाल खुर्च्यांच्या समुद्रात. मैदानावर इतकी शांतता की चेंडूला लागलेला बूट तुम्हाला इथवर ऐकू येतो, आणि छपराला आपटून त्याचा आवाज परत येतो. खाली रेषेजवळ लांब केसांचा तो माणूस ओरडतोय आणि त्याचा प्रत्येक शब्द भर दुपारी ओसाड देवळात बोलल्यासारखा घुमतोय. सुटीच्या दिवसांत तो रॉक बँडमध्ये गातो. आज तोच आवाज दहा हजार समर्थकांच्या वाट्याचा.

नवव्या मिनिटाला अँथनी स्टुअर्टचा गोल. गोलनंतर जो गलका व्हायला हवा तो होत नाही. फक्त अकरा माणसं आणि बाकावरची मंडळी. ५७ व्या मिनिटाला ऑक्सफर्डच्या मार्क साइक्सनं आत मारलेला क्रॉस कुणालाच न लागता थेट जाळ्यात जातो. १–१. मग ७९ वं मिनिट. फ्रेड ओन्येडिन्मा चेंडूमागे धावतो, ऑक्सफर्डचा गोलरक्षक त्याला पाडतो. पेनल्टी.

जेकबसन चेंडू ठेवतो. तोच, २०१४ च्या उन्हाळ्यात आलेला. एन्सवर्थच्या चेहऱ्याकडे बघा. आत्ता या क्षणी त्याच्या मागे टॉर्की आहे, साउथएंडच्या सात पेनल्टी आहेत, सॉनचं ९७ वं मिनिट आहे. पुढे काय, ते कुणालाच माहीत नाही. जेकबसन धावतो.

गोल. २–१. शिट्टी वाजते आणि रिकाम्या मैदानावर काही माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळतात. वाजेल तेवढी टाळी तुम्ही एकटेच वाजवा. विकममध्ये या घटकेला घराघरांत टीव्हीसमोर आजोबा रडताहेत.

पुढचं वर्ष तुम्हाला दुखवेल. क्लबाच्या इतिहासातला सर्वोच्च हंगाम आणि अॅडम्स पार्कवर प्रेक्षकांना जवळजवळ प्रवेशच नाही. पहिले सातही सामने हरलेले. मे २०२१ मध्ये मिडल्सब्रोला जाऊन विकम ३–० जिंकतो, तरी खाली जातो. वाचलेल्या डर्बीचे गुण ४४, विकमचे ४३. एक गुण, पुन्हा एकच. मे २०२२ मध्ये ते परत वेम्बलीवर येतात, या वेळी भरलेल्या. संडरलंडकडून २–० हरतात. अकिनफेन्वा ४० वर्षांचा आहे, हा त्याचा शेवटचा सामना.

फेब्रुवारी २०२३. एन्सवर्थ विकम सोडतो. साडेदहा वर्षं होत आली. वर्ष-दीड वर्षात मॅनेजर बदलणाऱ्या देशात एवढा मुक्काम क्वचितच कुणाचा होतो. त्याच्या खुर्चीवर येतो मॅट ब्लूमफिल्ड. सांधा किती घट्ट बसला होता, ते यावरून कळतं: जोडणारा गेला तरी खुर्ची उभी राहिली.

एन्सवर्थ जातो क्वीन्स पार्क रेंजर्सकडे, जिथे खेळाडू म्हणून त्याचं नाव झालं. क्लब खाली जाता जाता वाचतो. पण पुढच्या ऑक्टोबरात त्याची नोकरी जाते. आठ महिने. त्या दिवसाला मी तुम्हाला नेत नाही. जिथे लोकांनी कधी त्याचं नाव गाऊन गाऊन घसे बसवले, तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाला एकटं सोडावं. वर्षभरानं श्रूजबरी, लीग वनच्या तळाशी. मग मार्च २०२५, जिलिंगहॅम, पुन्हा लीग टू.

पोचलो. केंट परगणा, प्रीस्टफील्ड मैदान. दोन्हीकडे विटांच्या घरांच्या ओळी आणि मध्ये फुटबॉलचं मैदान. बढतीचे करंडक, वेम्बली, सगळं मागे ठेवून ५१ वर्षांचा माणूस त्याच पायरीवर आलाय जिथून विकमला सुरुवात केली होती. जुनी माणसं गेली, जुने सांधे दुसरीकडे राहिले. इथे ओली बैठक नवी आहे, पाय नवे आहेत.

इथे मी तुमच्याकडून एक गोष्ट काढून घेतो: पुढचं माहीत असणं. इतका वेळ ते तुमच्या खिशात होतं आणि त्याच्याकडे कधीच नव्हतं. आता तुम्हीही रिकामे. तुमच्या शेजारी कुणी आजोबा आहेत, त्यांच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा मफलर आहे. कठडा गार लागतोय. खेळाडू मैदानावर आपापल्या जागी जाताहेत. एक तरणा विंगर तुमच्या अगदी समोर येऊन रेषेवर थांबतो. एन्सवर्थ त्याच्याजवळ जातो, कानात काहीतरी सांगतो आणि पाठीवर थाप मारतो. पोरगा मान डोलावतो. आजोबा तुम्हाला विचारतात, काय वाटतं, आज काय होईल?

तुम्ही तोंड उघडता, आणि शिट्टी वाजते.